एपिडॉरसच्या दगडावर सहा वर्षांचं पोर: आधी घड्याळ बघा, मग संस्कार

विंगेतली_नौपाडा

ठाण्यातल्या पालकांच्या एका गटावर परवापासून एक पोस्ट फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: "मे महिन्यात मुलांना मॉलमध्ये फिरवण्यापेक्षा ग्रीसला न्या. अथेन्स-एपिडॉरस महोत्सवात तेवीसशे वर्षं जुन्या दगडावर बसून नाटक बघितलं की संस्कार आपोआप होतात. तिथे टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते. पाच-पाच वर्षांची मुलं दोन तास हलत नाहीत." खाली बदामांचा पाऊस. बदाम देणाऱ्यांपैकी एकानेही तिकिटाच्या अटी वाचलेल्या नाहीत, हे मी पैजेवर सांगते.

मे महिन्यात तिथे महोत्सव नसतोच. तो जून ते ऑगस्ट. त्यातही एपिडॉरसच्या मोठ्या, उघड्या दगडी थिएटरमधले प्रयोग साधारण जूनअखेरीपासून, आणि तेही मुख्यतः शुक्रवार-शनिवारी. आपल्या शाळा १५-१६ जूनला उघडतात. म्हणजे नवी वह्या-पुस्तकं, नवा वर्ग, आणि पोराची पहिल्याच महिन्यात पंधरा दिवस दांडी. पाच वर्षांचं मूल हललं नाही म्हणता? सहा वर्षांखाली आत सोडतच नाहीत, मग हलणार कुठून?

आता मुख्य मुद्दा, ज्यावर कोणीच बोलत नाही: घड्याळ. उन्हाळ्यात ग्रीस आपल्या अडीच तास मागे. प्रयोग रात्री नऊच्या सुमारास, कारण त्याआधी उजेड असतो. तिथले नऊ म्हणजे पोराच्या अंगातले साडेअकरा. दोन तासांचं नाटक, बहुतेक वेळा मध्यंतर नाही. संपतं तेव्हा पोराच्या हिशेबाने रात्रीचा दीड. त्यानंतर अथेन्सला परतायचं असेल तर बसने दोन तासांच्या वर. म्हणजे पहाटेचे चार. मोठी माणसंसुद्धा दुसऱ्या दिवशी कुरकुरतात.

आणि उतरणं. पंचावन्न रांगा आहेत तिथे, खालच्या टप्प्यात चौतीस, वरच्या टप्प्यात एकवीस. चढ सुमारे २६ अंश. पाठ टेकायला काही नाही, कठडा नाही. हजारो माणसं एकदम उठतात. झोपलेलं वीस किलोचं पोर खांद्यावर टाकून, अंधारात, अरुंद दगडी पायऱ्या उतरायच्या. आपला एक पाय पुढच्या पायरीवर टेकतो तेव्हा पोराचं अंग मधे येतं आणि खालची पायरी दिसतच नाही. पाऊल चुकतं ते तिथेच. वर जाताना ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तेव्हा पोर स्वतःच्या पायाने उड्या मारत चढलेलं असतं.

मुलांना नाटक दाखवू नका असं मी म्हणत नाही. बालनाट्याच्या विंगेत उभं राहून पोरं कुठे रमतात आणि कुठे चुळबुळ करतात तेच रोज बघावं लागतं. पण 'जुना दगड, म्हणून संस्कार' हे ऐकलं की डोकं फिरतं.

खारेगावचा_खलाशी

ताई, तुमच्या अटी बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा.

अथेन्सला त्याच रात्री परत यायला सांगितलंय कोणी? ती चूक टूरवाल्यांची. नाफ्पलिओ नावाच्या गावी तीन रात्री राहायचं. थिएटरपासून साधारण तीस किलोमीटर, गाडीने पाऊण तास. त्याहून जवळ हवं तर लिगुरिओ गाव, अगदीच शेजारी. भारतातून पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस अथेन्समध्ये काढायचे, मुलांना रोज थोडं उशिरा झोपवायचं आणि सकाळी थोडं उशिरा उठू द्यायचं. अडीच तास म्हणजे काही अमेरिका नव्हे, तिसऱ्या दिवशी अंग जुळतं.

प्रयोगाच्या दिवशी: सकाळी समुद्र, दुपारी जेवण, तीन ते सहा सक्तीची झोप. नाफ्पलिओचा पालामिदीचा किल्ला त्या दिवशी अजिबात नाही. लोक ९९९ म्हणतात त्या पायऱ्या चढवल्या की संध्याकाळी सातलाच पोर आडवं. साडेसहाला पोटभर खाणं, कारण थिएटरात पाण्याशिवाय काहीही नेऊ देत नाहीत. पावणेआठला दारात. साडेआठला मुलांना शौचालयात नेऊन आणायचं, लागलेली नसली तरी. प्रयोग सुरू झाल्यावर उठून गेलात तर परत आत घेतीलच याचा भरवसा नाही. तिकीट खालच्या टप्प्याचं, वाटेच्या कडेचं. महाग पडतं, पण पोराला उचलून उतरायच्या रांगा बऱ्याच कमी होतात. बसायला उशी न्यायची, दुपारभर तापलेला दगड रात्री नऊलाही कोमट असतो आणि अकराला टोचायला लागतो. पायात सपाट चपला. उंच टाचा तिथे चालत नाहीत, दगड झिजतो.

तिकीट काढताना एक घोळ हमखास होतो, तो लिहून ठेवा. 'एपिडॉरस' नावाची दोन थिएटरं आहेत. मोठं अस्क्लेपिओस या ग्रीक वैद्यदेवाच्या देवस्थानातलं, आणि छोटं समुद्राकाठी पालेया एपिडाव्हरोस गावात. दोन्हीकडे महोत्सवाचे प्रयोग होतात, अंतर पंधरा-वीस किलोमीटर. चुकीच्या दारात उभं राहून पावणेनऊला कळलं तर पोचेपर्यंत दार बंद.

व्हिसाची भीती घालणाऱ्यांसाठी: बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बाराखालच्यांना ४५, सहाखाली माफ. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आई-वडिलांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

शाळेचं म्हणाल तर ठाण्यात इंटरनॅशनल बोर्डाच्या शाळा कमी आहेत का? त्यांची सुट्टी जून-जुलैतच असते.

घोडबंदरकर

चर्चा एपिडॉरसच्या पायऱ्यांची चाललीय आणि इथे कासारवडवलीहून तलावपाळीपर्यंत रविवारी संध्याकाळी पोचायला जेवढा वेळ लागतो त्यात एक अंक संपतो. मेट्रोचे खांब, अर्धवट सर्व्हिस रोड, कापूरबावडीचा जांगडगुत्ता. ऐतिहासिक वास्तू बघायचीच असेल तर घोडबंदर रोड बघा, तोही इतिहासजमा व्हायला आलाय.

विंगेतली_नौपाडा

@खलाशी, पाच दिवसांची तयारी, तीन रात्रींचं हॉटेल, महागडं तिकीट, भाड्याची गाडी, दुपारची सक्तीची झोप. एवढं सगळं जमवल्यावर जे होतं त्याला 'आपोआप संस्कार' म्हणतात का? पोस्टमध्ये हे एक अक्षर नाही, माझा राग त्याच्यावर आहे. आणि इंटरनॅशनल बोर्ड म्हणजे ठाणे नव्हे.

मास्तरीण_नेरुळ

घड्याळ, पायऱ्या, उशी सगळं झालं. भाषेचं काय? प्रयोग ग्रीकमध्ये, वर इंग्रजी ओळी. त्या ओळी मोठ्या माणसाच्या वेगाने सरकतात. मराठी माध्यमातली दुसरी-तिसरीची मुलं एक ओळ वाचेपर्यंत तीन निघून जातात. इंग्रजी माध्यमातली वाचतात, पण मग रंगमंच बघतच नाहीत, मान वर करून फक्त अक्षरं. साधारण दहाच्या पुढे दोन्ही एकत्र जमायला लागतं. त्याआधी एकच मार्ग: गोष्ट आधीच पूर्ण सांगून ठेवायची. शेवटासकट. "मजा जाईल" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, मूळ ग्रीक प्रेक्षकालाही गोष्ट पाठच असायची, जशी आपल्याला कीचकवधाची असते.

दुसरं, हात जोडून सांगते: "लहान मुलं आहेत, म्हणून शोकांतिका नको, विनोदी बघू" हा विचार करू नका. अ‍ॅरिस्टोफेनिसची जुनी ग्रीक प्रहसनं म्हणजे कमरेखालच्या विनोदांची खाण. नटांना चामड्याची लिंगं बांधून रंगमंचावर आणायची तेव्हाची पद्धत होती, आणि आजचे दिग्दर्शक ती हौसेने पाळतात. याउलट शोकांतिकेत खून पडद्याआड होतो, दूत येऊन सांगतो. मुलांसाठी संहिता म्हणून शोकांतिकाच सोपी. अर्थात हल्लीचे दिग्दर्शक रक्ताच्या बादल्या ओततात ते वेगळं. तिकिटाआधी त्या विशिष्ट प्रयोगाची वयाची सूचना आणि छायाचित्रं बघणं, एवढं तरी करा.

मुलांना एक काम द्या: कोरस, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा चमू, त्यातली माणसं मोजायला सांगा. शोकांतिकेत परंपरेने पंधरा, प्रहसनात चोवीस. दिग्दर्शकाने कमी-जास्त केले तर का केले असतील, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी न्याहारीला पुरतो.

आवाजवाला_वाशी

टाचणीवाल्यांना एकदा उत्तर देऊन टाकतो.

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठाच्या लोकांनी तिथे जाऊन मोजमाप केलं, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. नाणं पडलेलं किंवा कागद फाटलेला 'काहीतरी वाजलं' इतपत सगळीकडे जाणवतं, पण काय वाजलं हे निम्म्या उंचीपर्यंतच ओळखू येतं. कुजबुज फक्त पुढच्या रांगांना कळते. शेवटच्या रांगेला नटाने आवाज टाकला तरच. गाईड लोक मधल्या वर्तुळात काडी पेटवून दाखवतात तेव्हा थिएटर रिकामं असतं, हेही धरा.

तरी जागा साधी नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की चुनखडीच्या त्या रांगांची खाच-उंचवट्यांची रचना गाळणीसारखी वागते. साधारण ५०० हर्ट्झखालचा आवाज दबतो, वरचा परत फिरतो. वाऱ्याची घरघर, गर्दीची गुणगुण खाली बसते, शब्दांची व्यंजनं वर राहतात.

याचा पालकांशी संबंध काय? पोराचा आवाज बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतला. कुरकुऱ्याच्या पाकिटाची चुरचुर त्याहून वरची. गाळणी नेमकं तेच राखते. बाबांचं "गप बस" दबेल, पोराचं "आई, शूऽ लागली" जाईल.

कोपरीचा_संकासूर

सगळे शहाणे. कोणीच विचारत नाही की पोर झोपलं तर बिघडलं कुठे?

सिंधुदुर्गात जत्रेला दशावतार रात्रभर चालतो. आधी आड दशावतार, म्हणजे पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, शारदा, ब्रह्मदेव, आणि काळ्या वेषातला संकासूर. पोरं तोवर टक्क जागी, कारण संकासूर अंगावर येतो. मग आख्यान सुरू होतं आणि पोरं एकेक करून गोधडीवर आडवी. पहाटे युद्ध लागलं, पखवाज आणि झांज चढली, की आपोआप उठून बसतात. राजाचं लांबलचक भाषण झोपेत गेलं, लढाई जागेपणी मिळाली. कोणाचे पैसे वाया गेले? संहिता लिहिलेली नाही, पात्रं उत्स्फूर्त बोलतात, प्रेक्षक पेंगायला लागला तर जाणकार नट संवाद आटोपता घेतो. हजार वेळा पोरं झोपली म्हणून दशावतार मेला नाही. उलट झोपत-झोपत बघितलेलाच अंगात मुरतो.

ही "दोन तास हलायचं नाही" शिस्त इंग्रजांनी आणली. त्याआधी नाटक म्हणजे घोंगडी, पानाचा डबा आणि मांडीवर पोर.

मास्तरीण_नेरुळ

@संकासूर, म्हणजे शिस्त इंग्रजी आणि गोंगाट मराठी? वा. रंगमंचावर माणूस घसा फोडून बोलतोय आणि शेजारी पोर मोबाईलवर माकडाची गाणी बघतंय, तेही परंपराच का?

कोपरीचा_संकासूर

मोबाईल कोणी म्हटलं? झोप म्हटलं. वाचता येत नसेल तर वरच्या इंग्रजी ओळींसारखं सावकाश वाचा, बाई.

मास्तरीण_नेरुळ

बाई नाही, ताई म्हणा किंवा काहीच म्हणू नका.

विंगेतली_नौपाडा

थांबा दोघंही. संकासूर, तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. गोधडी सपाट जमिनीवर असते. पोर लवंडलं तरी बोटभर खाली पडतं. आई उठली नाही तरी चालतं. एपिडॉरसला लवंडलं तर खालच्या रांगेतल्या जर्मन आजोबांच्या टकलावर. जागा ठरवते पोर झोपू शकतं की नाही, परंपरा नाही ठरवत.

तीच गोष्ट आपल्या बंदिस्त नाट्यगृहांतही. मिटणाऱ्या खुर्च्या मोठ्यांच्या वजनासाठी असतात. बिजागरी मागे. हलकं पोर पाठीला टेकून मागे सरकलं की वजन बिजागरीवर जातं, पुढची कड वर उठते आणि खुर्ची पोरासकट मिटते. पाय वर, बोटं फटीत, मग भोकाड. त्यासाठी मोठ्याने आपला हात किंवा जड पिशवी खुर्चीच्या पुढच्या कडेवर ठेवायची. पोराला दिसत नाही म्हणून गुडघ्यावर उभं करतात, तेव्हा तर वजन सतत मागेपुढे होतं. त्यापेक्षा चादरीची घट्ट घडी करून बसकण उंच करा. आणि पहिल्या तीन रांगा मुलांसाठी चांगल्या हा गैरसमज. तिथून मंचाची कड डोळ्यांच्या वर येते, नटांचे पाय कापले जातात. सहावी ते दहावी रांग, वाटेच्या कडेला. काही जुन्या नाट्यगृहांत मागे रडक्या पोरांसाठी काचेची खोली असायची, आवाज स्पीकरवर यायचा. नवी बांधताना पहिली ती उडते.

घोडबंदरकर

काचेची खोली घोडबंदर रोडवर बांधा. तिथे सगळेच रडतात.

आवाजवाला_वाशी

काचेच्या खोलीचा आवाज कायम वाईट असायचा. मंचावरचा एकच माईक, तोही पावलांचा आवाज उचलणारा. त्यापेक्षा मागच्या दाराजवळची खुर्ची आणि वेळेवर उठणारा पालक बरा.

संकासूर, रात्रभराचं म्हणाल तर उघड्यावर ध्वनिवर्धक लावून दहानंतर चालवता येत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यापुढे तेही नाही. म्हणून आपल्याकडे उघड्यावरचे महोत्सव संध्याकाळी सातला सुरू होऊन दहाच्या आत आवरतात. मुलांच्या दृष्टीने ते नऊला सुरू होणाऱ्यापेक्षा कधीही बरं.

कोपरीचा_संकासूर

दशावतार माईकशिवायही होत होता. पखवाजाला वीज लागत नाही.

खारेगावचा_खलाशी

एपिडॉरस उशिरा वाटत असेल तर बाकीचे ऐका. आव्हिन्याँ महोत्सव, जुलै, पोपांच्या राजवाड्याचं अंगण: मुख्य प्रयोग रात्री दहाला. फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे अंगातला दीड वाजलेला. शिवाय मिस्त्राल हा तिथला गार, जोराचा वारा सुटला की जुलैत स्वेटर लागतो. इटलीतल्या व्हेरोनाचा रोमन अरीना (उघडं गोल प्रेक्षागार), १९१३ पासून ऑपेरा: सव्वानऊच्या आसपास सुरू, मोठा ऑपेरा मध्यंतरांसकट तीन तासांच्या वर. तिथे मात्र चार वर्षांवरच्या मुलांना सोडतात. पाऊस आला आणि खेळ सुरू झाल्यावर बंद पडला तर पैसे परत नाहीत, दहा मिनिटं झाली असली तरी. मुलांसाठी मला विचाराल तर तिघांत व्हेरोना. हत्तीएवढे देखावे, दीडशे माणसं मंचावर, गाणं असल्याने भाषा कळली नाही तरी चालतं, आणि मध्यंतरं असल्याने शौचालयाचा प्रश्न सुटतो.

अथेन्समधल्या अथेन्समध्ये हेरोडिऑनला जाऊ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याचं ते पाच हजार बैठकींचं थिएटर २०२५ च्या मोसमानंतर दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद आहे.

मास्तरीण_नेरुळ

@खलाशी, तुमचा टूरचा धंदा आहे का हो? व्हिसाच्या फीपासून उशीपर्यंत सगळं तोंडपाठ. सरळ दरपत्रक टाका.

खारेगावचा_खलाशी

धंदा असता तर "त्याच रात्री परत येऊ नका" सांगितलं असतं का? टूरवाल्याचा सगळा फायदा एका दिवसात कोंबण्यात असतो. माहिती दिली की धंदा, नाही दिली की फेकाफेकी. आणि तुमची ती चामड्याची सूचना उपयोगी होती, हे मी सांगणारच होतो. आता नाही सांगत.

मास्तरीण_नेरुळ

सांगितलंत की.

विंगेतली_नौपाडा

मला एक कळत नाही. मुलांना जुन्या वास्तूत कला दाखवायची, एवढंच ना? अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. ठाण्याहून लोकलने तासाच्या आत. तिथे थंडी सरताना शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल होतो. वालधुनीच्या काठाला, घरी झोपायला परत. ग्रीसपेक्षा ते का सुचत नाही कोणाला?

आवाजवाला_वाशी

सुचतं, पण तिथे संध्याकाळी मोठ्या गायकांचे कार्यक्रम असतात, स्पीकरच्या भिंती लागतात. पोराला खांद्यावर बसवून स्पीकरसमोर उभे राहणारे बाप बघवत नाहीत. खांद्यावर बसलेल्या पोराचा कान नेमका स्पीकरच्या मधोमध येतो. मुलांसाठी पूर्ण कान झाकणारे इअरमफ घ्या, कापसाचे बोळे नुसती समजूत. ध्वनियंत्रकाच्या टेबलाच्या आसपास बसा, सगळा आवाज त्या जागेसाठी जुळवलेला असतो. आणि लहानांना दुपारचंच न्या: चित्र, शिल्पं, मंदिर. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं पाच वाजताच्या तिरप्या उन्हात जशी उठतात तशी दिव्यात उठत नाहीत.

खारेगावचा_खलाशी

अंबरनाथला विरोध कोणाचा? पण मूळ विषय उन्हाळ्याचा होता. आपल्याकडे जुन्या वास्तूंमधले महोत्सव थंडीतच होतात. बाणगंगा, काळाघोडा, वेरूळ, सगळे नोव्हेंबर ते मार्च. मे महिन्यात दगड तापतो, जूनमध्ये पाऊस. म्हणून सुट्टीत मुलांच्या वाट्याला बंद नाट्यगृहच येतं. हे हवामानाचं आहे, त्यात पालकांची हौस कमी-जास्त नाही.

विंगेतली_नौपाडा

हे मान्य. नाइलाजाने.

मग मे महिन्यात बंद नाट्यगृहातलं बालनाट्य बघा, आणि जुन्या वास्तूचीच हौस असेल तर चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस बघा. १९११ मध्ये पंचम जॉर्जने उद्घाटन केलेलं, २०१६ पासून पुन्हा सुरू. वातानुकूलित, खुर्च्या मऊ, पोराला वर बघायला सोनेरी छत. नाटक कंटाळवाणं निघालं तर छत मोजा. फक्त अंगावर पातळ जाकीट घ्या, मेमध्ये मुंबईत थंडीने कुडकुडणारी जागा म्हणजे नाट्यगृह.

कोपरीचा_संकासूर

छत मोजा! आणि पोर झोपलं तर पाप!

विंगेतली_नौपाडा

पाप म्हटलेलं नाही. मऊ खुर्चीत झोपू दे हो. आडवी मांडी करून, डोकं आतल्या बाजूला, पाय वाटेत नाही. घोरायला लागलं तर कुशीवर वळवा. झालं समाधान?

कोपरीचा_संकासूर

अर्धं. आता खाऊचं बोला. दशावताराला भजी, चहा, खाजं. ग्रीसला पाणी. नाट्यगृहात काय?

मास्तरीण_नेरुळ

मध्यंतरात बाहेर. एवढं कठीण आहे का?

विंगेतली_नौपाडा

पाच वर्षांच्या पोराला कठीण आहे. मध्यंतरात वड्याच्या रांगेत दहा मिनिटं, हात धुवायला पाच, घंटा होते आणि पोर तोंडात वडा घेऊन अंधारात खुर्ची शोधतं. तिखट लागलं की दुसऱ्या अंकाच्या पहिल्या वाक्याला पाणी मागतं. त्यापेक्षा निघताना घरून पोळीचा लाडू खायला घालावा, गुळाचा, भरपूर तुपाचा. दोन तास भूक लागत नाही, तहान फार लागत नाही. सोबत ठेवायचंच असेल तर सोललेलं केळं डब्यात. वास येतो, पण आवाज होत नाही. चिवडा, चकली, वेफर कधीच नाही. पाकीट तर नाहीच, आवाजवाल्यांनी कारण सांगितलंय. डबाही स्टीलचा नको, झाकण सुटलं की तिसऱ्या रांगेपर्यंत खणखणतो. रबरी कडेचा प्लास्टिकचा.

आवाजवाला_वाशी

केळं मान्य. पोळीच्या लाडवात वेलदोड्याचे दाणे नकोत, पोरं ते चावून थुंकतात.

मास्तरीण_नेरुळ

ठेचलेला वेलदोडा घाला. संकासूर, खाजं मात्र बंद दाराआड. कडकड वाजतं.

कोपरीचा_संकासूर

वाजतं, ताई. त्यातच मजा. पण ठीक आहे, मऊ पडलेलं आणू.

घोडबंदरकर

एक व्यावहारिक प्रश्न. अंबरनाथच्या महोत्सवाला रविवारी दुपारी पोरं घेऊन जायचं तर कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला किती वाजता निघू? की आदल्या दिवशीच निघू?